गारेचं पातं आणि तांब्याचा खिळा

गारेला लोखंड सोसत नाही. एवढं एक वाक्य शिकायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्यात अंगणात फुटक्या गारेचा इतका खच पडला की बायको अनवाणी चालेना.

आम्ही शिकलगार. तलवारी, सुऱ्या, कात्र्या यांना धार लावणं हा आमचा धंदा. त्याच्या जोडीला आजोबांपासून एक काम चालत आलेलं होतं, चकमकीच्या बंदुकांना गारेचे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या दगडाचे, तुकडे पाडून देणं. ती बंदूक आता कुणी पाहिलेली नसेल म्हणून सांगतो. चाप ओढला की घोड्याच्या तोंडात धरलेला गारेचा चौकोनी तुकडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते आणि दारू पेटते. कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात मी ऐन उमेदीत होतो, तेव्हा अशा बंदुका जुन्या घराण्यांकडे मिरवणुकीपुरत्या उरल्या होत्या. विस्तवासाठी चकमक झाडणारी माणसंही काड्यापेट्या आल्यापासून कमी झाली होती. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मी पाल टाकून चकमकीच्या गारा विकायचो. धनगर, राखणदार, अशी रानातली माणसं तेवढी घ्यायची. कसब हातात होतं, पण त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

अशात एक दिवस दीक्षित मास्तर दुकानात आले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पंचगंगेच्या काठाने दगड वेचत फिरायचे. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत पानाच्या आकाराचा, बोटाच्या पेराएवढा एक दगड होता. कडा इतक्या पातळ की उन्हात धरल्यावर पलीकडचं बोट दिसावं.

"दस्तगीर, हे बाणाचं टोक आहे," ते म्हणाले. "लोखंड माणसाला ठाऊक नव्हतं तेव्हाचं. साहेब लोक लिहितात की ही विद्या मेली, आता कुणाला येणार नाही. तू गार फोडतोस. तुला येईल?"

मी बेफिकीर होतो. म्हणालो, "त्यात काय मास्तर, आठवड्यात देतो."

त्या आठवड्याचं दीड वर्ष झालं. चौकोनी तुकडा पाडायला लोखंडी हातोडी चालते, कारण तिथे नुसता फटका मारायचा असतो. पातळ पातं करायचं तर गारेचा एकेक पदर सोलून काढावा लागतो, आणि लोखंड लागलं की तो पदर न सुटता अख्खी गार फुटते. मी बाभळीचं लाकूड वापरून पाहिलं, म्हशीचं शिंग पाहिलं, हाडही पाहिलं. लाकूड चेपतं, म्हशीचं शिंग चिरतं, हाड तुटतं. अखेर सुऱ्यांच्या मुठींसाठी ठेवलेला सांबरशिंगाचा बुडखा हाती लागला. त्याने फटका मारला आणि गारेची कपची माशाच्या खवल्यासारखी अलगद सुटली. मी ती कपची तळहातावर ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

बाकीची हत्यारंही घरचीच. टोकाचं बारीक काम फटक्याने होत नाही, दाबाने होतं. त्यासाठी बायकोच्या, हमीदाच्या, फुटक्या तपेल्याचा तांब्याचा कान काढला, ठोकून त्याचा खिळा केला आणि बाभळीच्या दांड्यात बसवला. तांबं गारेला चावून धरतं, पोलाद घसरतं. तळहात फाटू नये म्हणून जुन्या पायताणाचा तळ कापून हातावर बांधला. आणि धार लावायच्या चाकाचा एक फुटका तुकडा घासणी म्हणून जवळ ठेवला. ही घासणी सगळ्यांत साधी दिसते, पण सगळा खेळ तिच्यावर आहे. दाब देण्याआधी पात्याची कड तिच्यावर घासून बोथट करायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, धार करायची तर हा धार घालवतो कशाला? पण कड बोथट केली नाही तर ती चुरते, जोर वाकडा जातो आणि पातं मधोमध मोडतं. गारसुद्धा आधी राखेत पुरून, गोवऱ्यांच्या मंद आचेवर दिवसभर भाजून घ्यावी लागते. मग ती लोण्यासारखी कापते.

मास्तरांना मी सहा पाती करून दिली. त्यांनी ती कापसात, डबीत ठेवली. माझ्या हत्यारांची चित्रं त्यांनी वहीत काढली, घासणीचंसुद्धा. पण काम करताना मी त्यांना कधी बसू दिलं नाही. कपच्या उडतात, डोळ्याला धोका, असं सांगायचो. खरं कारण निराळं होतं. कसब दाखवायचं नसतं, वस्तू दाखवायची असते, असं वडिलांनी शिकवलं होतं.

पुढे ही सवयच कामाला आली.

त्या साली जोतिबाच्या यात्रेत मल्लू माझ्या पालात आला. शहराच्या पश्चिमेला एका जहागिरीचं राखीव रान होतं. त्या जहागिरीचं नाव लिहीत नाही, घराण्यातली माणसं आहेत. रानाला लागून भाताची आणि भुईमुगाची शेतं होती, आणि मल्लू त्या शेतांचा राखणदार. चाळिशीचा, काटक, दंडावर लांब व्रण असलेला. चकमकीची गार घ्यायला आला आणि माझ्या पुढ्यातलं पातं उचलून बघत राहिला.

"हे तीरकामठ्याला चालंल?"

"चालंल की. पण लोखंडाचं का न्हाय लावत?"

"लोखंड सापडलं की रानातले शिपाई शिकारी म्हणून धरत्यात," तो म्हणाला. "बंदूक तर आमाला मिळायचीच न्हाय. डुकरं शेतात घुसत्यात. गेल्या साली थोरल्या भावाला फाडला, तिथंच गेला. ही दगडं कनवटीला असली तर कोन काय म्हननार?"

बदल्यात त्याने घोंगडीतून सांबराची गळून पडलेली दोन शिंगं काढली. मला बुडखे हवेच होते. तो तासभर बसला, पातं दांडीला कसं बांधायचं ते मी त्याला दाखवलं आणि पाच पाती दिली. समोरून जहागिरीचा एक शिपाई गेला. त्याने मल्लूला ओळखलं, हाकही मारली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मास्तर एका दुपारी घाईने घरी आले. चेहरा उजळलेला होता.

"दस्तगीर, तुझं नाव झालं. जहागिरीचे कारभारी शाळेत आले होते. रानात एक मोठं सांबर मेलेलं सापडलं. बरगडीत दगडी टोक होतं. त्यांनी मला विचारलं, हे काय? मी डबी उघडून दाखवली. अगदी एकाच हाताचं काम. मी सांगितलं, असं काम करणारा अख्ख्या मुलखात एकच माणूस आहे. उद्या सकाळी त्यांच्या कचेरीत ये, हत्यारं घेऊन."

त्यांना त्यातलं दुसरं काही दिसलंच नव्हतं. मी विचारलं, "कुणाला धरलंय का?"

"धरलाय ना. कोणी राखणदार आहे. तो म्हणतो मला ठाऊक नाही. त्याच्याकडे काही सापडलं नाही. पण शिपाई म्हणतो, यात्रेत त्याला तुझ्या पालात बसलेलं पाहिलं. तू फक्त सांग, कुणाला दिलंस. तुला काही त्रास होणार नाही, कारभाऱ्यांनी शब्द दिलाय."

मास्तर गेले. मी जेवायला बसलो. हमीदाने सगळं आतून ऐकलं होतं. मी म्हणालो, परक्या यात्रेकरूला दिलं म्हणून सांगतो. ती म्हणाली, "शिपायानं बघितलंय नव्हं? मग परका कोन मानंल?"

"मग काय करू? पाती माझीच हायत. मास्तरांनी सांगून टाकलंय."

तिने भाकरी ताटात ठेवली. "तुमाला ती करताना कुनी बघितलंय?"

"न्हाय."

"मग म्हना, म्या केली न्हायतच. नदीत कुनालाबी सापडत्यात, आन् मास्तरांना थाप मारली."

"मास्तरांसमोर?"

"त्या मल्लूचं पोट मास्तरांच्या हातात न्हाय. तुमच्या जिभेवर हाय," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन कचेरीत गेलो. अंगणात कडुलिंबाखाली मल्लू उकिडवा बसला होता, हात पाठीमागे बांधलेले. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नजर खाली घातली. ओळख दाखवली नाही. ओट्यावर खुर्चीत कारभारी होते, शेजारी मास्तर, मध्ये स्टुलावर मास्तरांची डबी आणि एका कागदावर सांबराच्या बरगडीतलं पातं. रक्त वाळून काळं झालेलं. ते माझंच होतं. डाव्या कडेला एक खोल कपची गेली होती, करताना मी हळहळलो होतो, ती तिथेच दिसत होती.

कारभारी आवाज चढवणारे नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "हे तू केलंस. कुणाला दिलंस तेवढं सांग आणि घरी जा."

मी म्हणालो, "सरकार, ही मी केलेली न्हाईत. नदीच्या पात्रात सापडत्यात. मास्तरांनासुद्धा तीच दिली. मी केली म्हणून थाप मारली."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही तो चेहरा मला आठवतो. ते म्हणाले, "दस्तगीर, घाबरू नकोस. खरं सांग."

"खरंच सांगतोय, मास्तर. मी लबाड हाय."

कारभाऱ्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. हत्यारं आणलीस ना? बस इथे आणि आमच्यासमोर एक करून दाखव. जमलं तर खोटं बोललास म्हणून याच्याबरोबर तुलाही ठेवीन."

मी अंगणात पोत्यावर बसलो. सगळी हत्यारं समोर मांडली. तीन गारा आणल्या होत्या, घरी भाजून तयार केलेल्या. तयार गारा आणल्याच कशाला, असं आता वाटतं. सवयीने पिशवीत गेल्या.

पहिली गार मी लोखंडी हातोडीने फोडली. चार तुकडे झाले. हे सोपं होतं. पण मास्तर खुर्चीतून पुढे वाकले. त्यांना मी हरायला नको होतो. "अरे, सांबरशिंग घे ना. वहीत काढताना तूच सांगितलंस. शिंगाने फटका, मग खिळा."

कारभाऱ्यांची मान वळली. "हे शिंग कुठलं?"

"सुऱ्यांच्या मुठीला लागतंय, सरकार. वैदू इकत्यात, औषधाला उगाळत्यात तेच." हे अर्धं तरी खरं होतं. त्यांनी मान हलवली.

दुसरी गार शिंगाने सोलली. हात स्वतःच्या चालीने चालायला लागला, कपच्या पायाशी पडायला लागल्या, बरा आकार आला. शिपाईसुद्धा जवळ सरकले. मग मी तांब्याचा खिळा उचलला आणि कड न घासता तसाच दाब दिला. कड चुरली. पुन्हा दिला. पातं मोडलं.

आता एकच गार उरली. ती तिन्हींत चांगली होती, मधाच्या रंगाची. वीस वर्षांत अशा पाच-सात मिळाल्या असतील. मी काम सुरू केलं आणि मला कळलं की मला वाईट काम करता येत नाही. डावा हात गारेला वळवत होता, उजवा योग्य जागा शोधत होता, आणि दर दाबाआधी उजवा हात घासणीकडे जात होता. दोनदा बोटं तिच्यावर टेकली आणि मी ती परत आणली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायचं धाडस होईना. टोक उतरायला लागलं. कारभारी खुर्चीतून उठून ओट्याच्या कडेला आले. मल्लूने मान वर केली.

मी पात्याच्या बरोबर मध्यावर, जिथे ते सगळ्यांत पातळ होतं, खिळा टेकवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पातं कट्‌कन मोडलं. एक तुकडा हातावर बांधलेल्या पायताणाच्या तळातून आरपार तळहातात गेला. रक्त पोत्यावर ठिबकलं. मला वेदना कळली नाही. मी नुसता त्या मधाच्या रंगाच्या दोन तुकड्यांकडे बघत होतो.

मान वर केली तेव्हा मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते घासणीकडे बघत होते. तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा कणही नव्हता. त्यांनीच ती वहीत काढली होती, तिचं काम मीच त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मल्लू आणि मी दोघेही गेलो असतो.

ते उठले. डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "कारभारी साहेब, हे काम याचं नव्हे. याला जमत नाही. मीच फसलो. ही पाती नदीतलीच, फार जुनी. कुणालाही सापडली असतील." आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मल्लूला संध्याकाळपर्यंत बसवून सोडून दिलं. मला एका शिपायाने हातोडी परत देताना सांगितलं, "पावणं, जमत न्हाय तर मिरवू नये." मी मान डोलावली. सगळ्या शहरात बोभाटा झाला की दस्तगीर नदीतले दगड वेचून स्वतःचे म्हणून खपवतो. पुढे दोन-तीन वर्षं धारेसाठी सुरी आणणारेही हसून विचारायचे, ही नदीत सापडली का? मी सोसलं. लबाड म्हणवून घेण्यापेक्षा अडाणी कारागीर म्हणवून घेणं मला जास्त जड गेलं, हे कबूल करतो.

मास्तर पुन्हा दुकानात आले नाहीत. चार महिन्यांनी शनिवारच्या बाजारात समोरासमोर आलो तेव्हा मी वाट सोडून बाजूला झालो. तेच थांबले. हातातल्या पिशवीत मुळ्याची जुडी होती.

"तुझ्या हत्यारांची वही मी चुलीत घातली," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाच्या हाती लागायला नको. शाळेच्या कपाटात ती सहा पाती मांडली आहेत. खाली मी 'अतिप्राचीन' असं लिहिलंय. तीस वर्षं मुलांना सांगत आलो, जे दिसतं तेच काढा. आणि मीच खोटं लिहिलं बरं का, दस्तगीर."

मी म्हणालो, "मास्तर, माफ करा."

"माफ कशाला? मला एकदा करताना बसू द्यायला हवं होतंस," ते म्हणाले आणि गेले. त्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली. मी त्यांना काम करताना दाखवलं नाही ते नाहीच.

पण मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट ही नव्हे.

सुटल्यावर आठ दिवसांनी मल्लू माझ्या दारात आला. उपकार मानायला आला असेल असं मला वाटलं. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "सांबर म्या मुद्दाम मारलं न्हाय, दस्तगीरभाई. भाताच्या कडंला हाललं, डुक्कर वाटलं. उरलेली चार पाती भेऊन इहिरीत टाकली. भुईमूग काढायला आलाय. अजून पाच द्या."

माझ्या हाताची जखम अजून भरली नव्हती. मी संतापलो. "तुझ्यापायी माझी अब्रू गेली, मास्तर दुरावले. आन् तू अजून मागतोस?"

"डुकरं ऐकत न्हाईत की," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला.

मी नाही म्हणालो. पाठ फिरवून आत गेलो. तो उठून गेला.

कार्तिकात बातमी आली. भुईमुगाच्या शेतात डुकराने मल्लूला मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाडलं. हातात नुसती काठी होती.

मी गारा भाजायला घातल्या. तीन दिवस बसून आठ पाती केली, प्रत्येक कड घासून, एकही न मोडता. ती कनवटीला लावली आणि पश्चिमेच्या वाटेला लागलो. वाटेत राखीव रानाच्या नाक्यावर शिपायाने अडवलं, पिशवी उघडून पाहिली, कनवटीला हात लावला नाही.

मल्लू झोपडीत बाजेवर होता. पायाला पाला बांधलेला, अंगात ताप. त्याने मला पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "गंगव्वा, घोंगडी टाक. कोल्लापूरचं पावणं आल्यात." माझ्यावर राग असल्याचं त्याने दाखवलं नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पाती काढून त्याच्या उशाशी ठेवली. त्याने एक उचललं, उजेडात धरलं आणि परत ठेवलं. "आता मला उभं ऱ्हाता येत न्हाय," तो म्हणाला. "कामठा वढायचा तर पाय रोवावा लागतो."

गंगव्वा चुलीपाशी होती. ती उठली, हात पदराला पुसले, पाती उचलून ओंजळीत घेतली.

"अण्णा," ती मला म्हणाली, "शेतं राखायची बोली अजून आमच्याच नावावर हाय. दांडीला कशी बांदायची, दावा."

मी दारात उजेडाला बसलो. तिने दोरा आणि राळ आणून पुढ्यात ठेवली. ती समोर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे हात कुणीतरी इतक्या जवळून बघत असताना मी काम करत होतो. पहिलं पातं मी बांधलं. दुसरं तिने बांधलं, सैल झालं, सोडून पुन्हा बांधलं. तिसऱ्याला तिने माझी मदत घेतली नाही.